चौक आणि कंपासपेटी : शहापूर-मुरबाडच्या वर्गातील भूमिती आणि चित्रकला

१/ भूमिती आणि चित्रकला यांची वर्गात सांगड घालावी, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कलेच्या आधारे इतर विषय शिकवण्याचा स्पष्ट पुरस्कार केला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत मात्र ही सांगड मुलांच्या हातापर्यंत फार पूर्वीच, दोन निरनिराळ्या वाटांनी पोहोचली होती. एक वाट लंडनहून मुंबईमार्गे आली, दुसरी घरातल्या कुडाच्या भिंतीवरून. पहिलीला परीक्षेत गुण मिळाले, दुसरीच्या वाट्याला कौतुक आले. असे का झाले, याचा हा दीर्घ थ्रेड.

२/ आधी भूगोल. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. शहापूरच्या बाजूला माहुली आणि आजोबाचा डोंगर, मुरबाडच्या बाजूला माळशेज आणि नाणेघाट. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांचे पाडे येथे विखुरलेले आहेत. शासनाच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे एक कार्यालयही शहापूरलाच आहे.

३/ या परिसरात गणिताचा एक जगप्रसिद्ध पुरावा आहे. मुरबाडहून वैशाखरेमार्गे नाणेघाट चढून गेले की सातवाहनांची लेणी लागते. तेथील ब्राह्मी लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांची मोजदाद अंकांत कोरलेली आहे. भारतातील प्राचीन अंकचिन्हांच्या अभ्यासात या लेखाला मानाचे स्थान आहे. दगडावर कोरलेले ते अंक सुमारे दोन हजार वर्षे टिकले, म्हणून ते वाचले गेले आणि ग्रंथांत आले.

४/ त्याच डोंगराखालच्या घरांत आणखी एक गणित रेखाटले जात होते. त्याचे साहित्य तांदळाचे पीठ आणि पाणी. लग्न झाले, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली की ते पुसले जाई. पुढच्या लग्नात पुन्हा नव्याने काढले जाई. जे टिकत नाही त्याचा पुरावा उरत नाही आणि ज्याचा पुरावा उरत नाही ते ज्ञान म्हणून मोजले जात नाही. वारली चौकाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

५/ चौक म्हणजे काय? वारली समाजात लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर सवाशिणी एक चौकोन रेखाटतात. तो लग्नचौक. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. शेजारी लहानसा देवचौक, त्यात पंचशिऱ्या देव. भोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी, झाडे. धवलेरी लग्नाची गाणी गाते आणि लग्नाचे विधीही तीच पार पाडते. चौकाच्या चारही कडांना नक्षीच्या पट्ट्या असतात. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने हे काम होते.

६/ आता याच चौकाकडे भूमितीच्या नजरेने पाहावे. पट्टी नाही, कर्कटक नाही, कोनमापक नाही. तरीही चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू जुळाव्या लागतात. एका कोपऱ्यातून निघालेली नक्षी दुसऱ्या कोपऱ्यात अर्धवट तुटू नये, यासाठी आकृतीचा आकार आणि बाजूची लांबी यांचा मेळ आधीच मनात बसवावा लागतो. हा भागाकाराचाच प्रश्न आहे. फरक एवढाच की तो कागदावर मांडला जात नाही.

७/ माणसाची आकृती पाहा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड तयार होते. वरचा त्रिकोण छाती, खालचा कंबरेखालचा भाग. दोन्हींच्या कडा एका सरळ रेषेत असतील तर सांध्याजवळचे दोन कोन समान असतात. शाळेच्या पुस्तकात यांनाच ‘विरुद्ध कोन’ म्हणतात. वरचा त्रिकोण थोडा कलता केला की तो माणूस वाकतो, नाचतो, रोप लावतो. सारा हालचालीचा भास त्या एका बिंदूवर तोललेला असतो.

८/ विधी आणि भूमिती यांचे हे नाते भारतात जुने आहे. शुल्बसूत्रांतील ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. यज्ञवेदीची जागा आखताना खुंटी आणि दोरी यांच्या साहाय्याने चौरस कसा काढावा, चौरसाच्या कर्णावर काढलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ किती भरते, याचे नियम त्यांत आहेत. ते नियम सूत्रबद्ध झाले, पाठ केले गेले, त्यांवर टीका लिहिल्या गेल्या. चौकाचे नियम मात्र आई, मावशी, सासू यांच्या हातातून मुलीच्या हातात गेले. दोन्हीकडे पवित्र जागा आखण्यासाठीच भूमिती हवी होती. एकीला ग्रंथ मिळाला, दुसरीला मिळाला नाही.

९/ आता दुसरी वाट. १८५१ साली लंडनमध्ये जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले. यंत्रांनी बनवलेल्या ब्रिटिश मालापेक्षा हिंदुस्थानी कारागिरांची नक्षी सरस आहे, हे तेथे अनेक जाणकारांना जाणवले. ओवेन जोन्स याने १८५६ साली जगभरच्या नक्षीकामाचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्व अलंकरणाचा पाया भूमितीय रचनेत असावा, हे त्याने मांडलेल्या तत्त्वांपैकी एक होते. हेन्री कोल याच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये चित्रकलेचे सरकारी शिक्षण उभे राहिले आणि साउथ केन्सिंग्टन हे त्याचे केंद्र बनले.

१०/ त्या पद्धतीचे सूत्र सरळ होते. आधी रेषा, मग कोन, मग वक्ररेषा, मग नक्षी, मग वस्तू. भूमिती ही चित्रकलेची बाराखडी मानली गेली. विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची, त्याला श्रेणी द्यायची आणि उत्तीर्ण झालेल्यांतून पुढचे शिक्षक घडवायचे. १८५७ साली सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेवर याच पद्धतीची छाप पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील शाळांतून चित्रकलेच्या श्रेणी परीक्षा रुजू लागल्या.

११/ मराठीत तोवर भूमिती येऊन चुकली होती. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणण्याचे काम केले. ‘कर्तव्यभूमिती’ हा शब्द त्याच परंपरेतला. जी सिद्ध करायची नसून करून दाखवायची, रेखाटायची, ती कर्तव्यभूमिती. रस्ते, पूल, मोजणी यांसाठी माणसे तयार करणे हा त्या काळी या शिक्षणाचा हेतू होता.

१२/ हा शब्द अजून जिवंत आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय श्रेणी परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांची प्रश्नपत्रिका असते. इंटरमिजिएटला घनभूमितीही येते. महाराष्ट्रातील लाखो मुलांनी कंपासपेटी उघडून काढलेला नियमित पंचकोन चित्रकलेच्या परीक्षेत काढला आहे. भूमिती आणि कला यांचा संगम शाळेत नव्हता, असे म्हणता येत नाही.

१३/ पण या संगमाला एक दार होते. परीक्षेला बसायचे तर माध्यमिक शाळा हवी, चित्रकलेचा शिक्षक हवा, रंगपेटी, कागद, कंपासपेटी हवी. उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणजे दाराच्या आत असणाऱ्याचा फायदा आणखी वाढतो. आणि दाराच्या आत चौकाला स्वतंत्र नाव नव्हते. संकल्पचित्रात वारली पद्धतीच्या आकृत्या चालत; त्या आकृत्यांमागे हिशोब आहे, हे कोणी विचारत नसे.

१४/ या दाराबाहेर शाळा नेण्याचा मोठा प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाला. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथून वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा पेटला. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ज्या मुलांच्या आईबापांना स्वतःच्या श्रमावर हक्क नव्हता, त्या मुलांपर्यंत बालशिक्षण न्यायचे होते. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

१५/ ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. माँटेसरीच्या साधनांत त्रिकोण, वर्तुळ, चौरस यांच्या चौकटी असतात. मूल त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवते, आतला भाग रंगवते, आणि अशा रीतीने लेखनासाठी हात तयार होतो. गांधीजींनीही आत्मकथेत अक्षरांआधी चित्रकला शिकवावी, असे मत मांडले होते. परंतु परदेशी साधने महाग. पाड्यावर ती आणायची कोठून?

१६/ उत्तर पाड्यातच सापडले. बिया, शिंपले, पाने, काड्या, माती. शाळेत मूल येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात भरवायची, ती अंगणवाडी. मूल गुरे राखायला गेले असेल तर शाळा कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. आज शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक अंगणवाडीच्या पाटीवर बोर्डी-कोसबाडच्या त्या प्रयोगाची खूण आहे. मुलाच्या भोवतालच्या वस्तू ही शिक्षणाची साधने होऊ शकतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मुलाच्या घरातील ज्ञान हा शिक्षणाचा आशय होऊ शकतो का, हा प्रश्न त्यानंतरचा.

१७/ घरातील ज्ञान तोवर दुसऱ्याच दिशेने निघाले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूजवळच्या गंजाडला पोहोचले. तेथे जिव्या सोमा मशे भेटले. बालपणी आई गेल्यानंतर ते बराच काळ बोलत नसत, धुळीत रेषा ओढून व्यक्त होत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

१८/ या प्रवासाने वारली चित्राला जग दिले, पण त्यात दोन गोष्टी बदलल्या. एक, चौक काढणे हे सवाशिणींचे काम होते. कागदावरच्या चित्राने पुरुष चित्रकार पुढे आले. दोन, कागदावर चौकाची चौकट मागे पडली आणि तारपा नाच, शेती, शिकार ही दृश्ये ठळक झाली. ज्या भागात भूमिती सर्वांत काटेकोर होती, तोच भाग बाजारात सर्वांत कमी गेला. शाळांच्या बाहेरच्या भिंतींवर आज गेरूच्या रंगावर पांढरी माणसे नाचताना दिसतात. आत, फळ्यावर, त्रिकोणाची ओळख मात्र अबक या तीन अक्षरांनीच सुरू होते.

१९/ येथे ‘अभिमान वाटावा’ एवढ्यावर थांबण्याचे कारण नाही. गणित म्हणूनही या नक्षीत पुष्कळ काही आहे. एकाच त्रिकोणापासून तीन पट्ट्या काढून पाहा. पहिलीत सगळे त्रिकोण उभे: आरसा उभा धरला तर नक्षी जुळते, आडवा धरला तर जुळत नाही. दुसरीत एक उभा, एक उलटा: पट्टी अर्धा फेरा फिरवली तरी तीच दिसते. तिसरीत टोकाला टोक लावलेल्या जोड्या: उभा आरसा, आडवा आरसा, अर्धा फेरा, सगळेच लागू पडते. तीन पट्ट्या, सममितीचे तीन वेगळे प्रकार.

२०/ एका ओळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने एकूण सातच प्रकार संभवतात. संपूर्ण पृष्ठभाग भरणाऱ्या नक्षीचे सतरा. हे सतरा प्रकार रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव्ह याने १८९१ साली सिद्ध केले. १९२४ साली जॉर्ज पोल्या याने ते पुन्हा मांडले आणि त्याच्या आकृत्यांवरून एशर हा डच चित्रकार शिकला. गणितज्ञांनी सिद्धता देण्यापूर्वी जगभरच्या विणकरांनी, गवंड्यांनी, चित्रे काढणाऱ्या स्त्रियांनी यांतील कितीतरी प्रकार हाताने शोधले होते. सिद्धता आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात दोन्हींना जागा हवी.

२१/ वर्तुळाचेही तसेच. तारपा नाचात नाचणाऱ्यांची साखळी तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरते. चित्रात ती बहुधा बंद वर्तुळ नसते. एक टोक उघडे राहते आणि साखळी गुंडाळत जाते. वर्तुळात केंद्रापासूनचे अंतर तेच राहते, सर्पिलात ते वाढत जाते. सहावीतल्या मुलाला ही व्याख्या पाठ करायला लावता येते, किंवा दहा मुलांना हात धरून मैदानात फिरवून दाखवताही येते.

२२/ मग अडचण कोठे आहे? एक अडचण कायद्यातच दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक द्यायचा तो शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळेत. डोंगरातल्या पाड्यांवरील शाळांचा पट लहान असतो. म्हणजे ज्या मुलांच्या घरी चित्राची परंपरा आहे, त्यांच्याच शाळेला कलाशिक्षक मिळण्याची शक्यता कमी. आश्रमशाळेत पट मोठा असतो, परंतु तेथे मूल घरापासून दूर वसतिगृहात राहते. लग्नसराईत भिंतीवर चौक उमटत असताना ते तेथे असेलच असे नाही.

२३/ याच परिस्थितीला दुसरी बाजूही आहे. लहान शाळेत गणित आणि चित्रकला एकच शिक्षक शिकवतो. दोन तासिकांमधली भिंत तेथे मुळातच पातळ असते. चौकाच्या दोन्ही कर्णांवर सुतळी धरून त्या सारख्या भरतात का ते पाहणे, हा काटकोनाचा धडा आहे; घर बांधताना गवंडी हेच करतो. बाजूची लांबी मोजून त्यात किती त्रिकोण पूर्ण बसतील ते काढणे, हा भागाकाराचा. यासाठी लागणारे साहित्य सुतळी, गेरू आणि तांदळाचे पीठ एवढेच. लागणारा तज्ज्ञ बहुधा त्याच पाड्यात राहतो.

२४/ मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने २०१६ साली एक उदाहरण घालून दिले. ८ मार्च रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या आणि आपले नाव लिहायला शिकल्या. ज्यांना आयुष्यभर शाळा मिळाली नाही, त्यांच्याकडे शाळा गेली. या घटनेची देशभर वाखाणणी झाली आणि ती रास्तच होती.

२५/ त्या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग अजून लिहायचा आहे. आजीने शाळेत येऊन अक्षर शिकावे, तसे चौक जाणणाऱ्या आजीने शाळेत येऊन चौक शिकवावा. आणि तो स्नेहसंमेलनाच्या सजावटीपुरता नको, गणिताच्या तासाला हवा. नाणेघाटातील अंक वाचायला एकोणिसाव्या शतकात विद्वान डोंगर चढून गेले. चौक वाचण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. मात्र तो काढणारे हात वृद्ध होत आहेत, कुडाच्या भिंतींची जागा सिमेंटच्या भिंती घेत आहेत, आणि दगडासारखी वाट पाहण्याची सोय तांदळाच्या पिठाला नाही.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावी, आपल्या घरी भिंतीवर किंवा अंगणात काढल्या जाणाऱ्या चौकाची, कणारांगोळीची पद्धत ठाऊक असल्यास काढणाऱ्या व्यक्तीला विचारून जरूर नोंदवा: सुरुवात मध्यापासून होते की कोपऱ्यापासून?)